गुरुवार तिचा, शनिवार हिचा

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

माझा नवरा माझ्याशी बोलत नाही आणि दुसरीच्या ओट्यावर बसून रडतो, हे आज कळलं. म्हणून लिहायला बसले. दुसरं कारण नाही. मी डायऱ्या लिहिणाऱ्यांतली नव्हे.

कळलं तेही कुणाकडून, तर भाजीवाल्या सखूबाईकडून! मेथीची जुडी हातात देता देता म्हणाली, "भाऊ आता बरं हायेत का? गेल्या बेस्तरवारी जन्नतबीच्या हितं लई रडलं बगा. आमास्नीबी कसंतरी झालं."

"हो, बरे आहेत," म्हटलं. जुडी पिशवीत टाकली आणि सरळ घरी आले. मला काडीचीही खबर नव्हती हे तिला कळू दिलं नाही.

ह्यांनी — म्हणजे अय्युबनी — आयुष्यभर टेम्पो चालवला. जुलैत वेल्ह्याकडच्या पासली गावच्या गेनबाला शेतात साप चावला. ह्यांचा टेम्पो तेव्हा खताची पोती घेऊन तिथेच होता. गेनबा ह्यांचा जुना दोस्त. त्याला मागे घालून निघाले. दवाखाना गाठायच्या आत तो टेम्पोतच गेला. तेव्हापासून टेम्पो मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा. जेवण नाही, झोप नाही, बोलणं नाही. सप्टेंबरात भाटघर धरणाच्या कडेला ओळखीच्या एकाला दिसले. त्याने घरी आणून सोडलं. मला म्हणाले, "हवा खायला गेलो होतो."

हवा खायला कुणी चपला काढून नीट जोडीने बाजूला ठेवतं?

तेव्हापासून रोज विचारते — काय होतंय? "काही नाही." काही सांगायचंय का? "काही नाही." आणि तिकडे ओट्यावर गंगा-जमुना!

जन्नतबी मुलींना कुराण शिकवते. गुरुवारी संध्याकाळी तिच्या ओट्यावर मन उडालेले, घरात भांडणं असलेले, झोप न येणारे असे सगळे जमतात. आपले जमतात, हिंदूही जमतात. ती ऐकते, काहीतरी पढते, पाण्यावर फुंकर घालून देते. आम्ही दोघी आठवीपर्यंत एका वर्गात होतो. ती आठवीत गळाली. मी पुण्याला जाऊन बी.ए. केलं, बी.एड. केलं.

ह्यांच्या लग्नाचा पैगाम आधी तिच्या घरी गेला होता. मी हे विसरले आहे असं लोकांना वाटतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

विचारलं. सरळ.

"जन्नतकडे जाता?"

"हो."

"कशाला?"

"तिथं शांत वाटतं."

इथे काय बाजार भरतो?

दुपारी अम्रीनचा पुण्याहून फोन. लेक माझीच, तडक मुद्द्यावर आली. "अम्मी, हे नुसत्या दुवापाण्याचं काम नाही. अब्बांना इकडच्या डॉक्टरांना दाखवू या आणि मानसोपचार सुरू करू. भोरमध्येच शनिवारी एक सायकॉलॉजिस्ट येतात, रीतसर शिकलेल्या."

मी लगेच हो म्हटलं. विज्ञानावर माझा आधीपासून विश्वास. वर्गात भूतखेत, करणी, उतारा असले शब्द कुणी उच्चारले तर मी बाकावर उभं करत असे. नमाज मीही पढते, पण देवाशी बोलायला मला मध्यस्थ लागत नाही.

पण इथे कुणी वाचणारं नाही, तेव्हा हेही लिहिते. जन्नतच्या जागी एखादे दाढीवाले मौलाना असते, तर मी इतक्या झटपट विज्ञानवादी झाले असते का?

१८ ऑक्टोबर, शनिवार

पुण्याच्या डॉक्टरांनी परवा गोळ्या दिल्या. आज सायकॉलॉजिस्ट. नाव शेफाली. वय तिशीच्या आतबाहेर, पायात कॅनव्हासचे बूट. भिंतीवरचं सर्टिफिकेट मी नंबरासकट वाचलं. खरं आहे.

"काकू, तुम्ही बाहेर बसाल का?"

काकू! मी हिची काकू कधी झाले?

बसले. आत जाताना ह्यांचा चेहरा ओढलेला होता. बाहेर आले तेव्हा धुतल्यासारखा. मी पुढे होऊन विचारलं, "काय बोलले?"

"ते मला नाही सांगता येणार, काकू. त्यांच्या जिवाला धोका वाटला तर मी तुम्हाला कळवेन, हे त्यांनाही सांगितलंय. बाकीचं त्यांचं त्यांनी सांगायचं."

छान! जन्नतचं निदान ओट्यावर तरी असतं. सखूबाईला ऐकू येतं. हिचं दार बंद!

२२ ऑक्टोबर, बुधवार

ह्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर कालवण मागून घेतलं. आनंद झाला. मग मनात आलं, हे श्रेय कुणाचं? आनंद तिथेच आंबला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज आतून हसण्याचा आवाज आला. ह्यांच्या.

असं हसू मी शेवटचं कधी ऐकलं? आठवत नाही. त्या कॅनव्हासच्या बुटांनी असा काय विनोद केला?

त्या खोलीला भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. मी खुर्ची जरा सरकवली. (लिहिते खरं ते.) हसणं थांबलं आणि हे म्हणाले —

"बाईंचा चेहरा डोळ्यांपुढनं हलत नाही, मॅडम. रात्रंदिवस. बाईंना तोंड कसं दाखवू?"

कोण बाई?

शेफालीला हे मॅडम म्हणतात. जन्नतला जन्नतबी. मग ही तिसरी कोण? घरी येईपर्यंत डोकं चालवलं आणि उत्तर मिळालं. साळूबाई! गेनबाची विधवा. पासलीला ह्यांच्या कमी खेपा झाल्या का? गेनबाशी दोस्ती, गेनबाशी दोस्ती, असं म्हणत मुक्कामसुद्धा केलेत.

दोघी पुरल्या नव्हत्या बहुतेक.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पासलीला जाऊन आले. ह्यांना सांगितलं, नसरापूरला मैत्रिणीकडे जाते. नसरापूरला एसटी बदलली, वेल्ह्यातून जीप धरली, मधे दोघींच्या मांडीवर कोंबड्या. काय बघायला निघाले होते, माझं मला माहीत.

साळूबाई खळ्यावर भात झोडत होती. वाळून काटकी झालेली. पदराने तोंड पुसत पुढे आली. "या बाई, बसा. भाऊ न्हाई आलं?"

"त्यांना बरं नाही."

"त्या दिसापासनं फिरकलंच न्हाईत. माझ्यावर राग धरलाय व्हय?"

"राग कशाचा?"

मग तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिने आपण होऊन सांगितलं. "त्यास्नी मागं निजवलं व्हतं. भाऊ टेम्पो पळवीत व्हतं. म्याच म्हनले, भाऊ, देवळापाशी थांबा, भगताकडनं उतरून घिऊ. भाऊ म्हनलं, वैनी, आदी दवाखाना. म्या त्यांच्या पाया पडले बाई, चालत्या गाडीत. मग थांबीवला त्यांनी. भगत मंत्र म्हनत बसला... तितंच डोळं फिरलं."

माझ्या तोंडून निघालं, "तिथून दवाखाना किती लांब होता?"

साळूबाईने माझ्याकडे बघितलं. "लई न्हवता, बाई."

का विचारलं मी ते? तिला गुण देणार होते की कापणार होते?

निघताना तिने नव्या तांदळाची पिशवी हातात कोंबली. "भावास्नी खाऊ घाला. म्हनावं, साळूनं दिल्यात."

जीपमध्ये लक्षात आलं. हे तिला वैनी म्हणतात. बाई नव्हे. आणि इकडे आलेलेच नाहीत.

मग बाई कोण?

३० ऑक्टोबर, गुरुवार

ठरवलं. रोगाचं मूळ मला सापडलं आहे. टेम्पो थांबवला ह्याची टोचणी. इतकं सोपं! आता ओटा नको, पार्टिशन नको. मी आहे की. वर्गातल्या किती पोरांच्या घरची रडगाणी मी मार्गी लावली आहेत.

दुपारी ह्यांना समोर बसवलं. म्हटलं, मला पासलीचं सगळं कळलं आहे. चूक झाली, पण ती तुमची एकट्याची नाही. तुम्ही नाही म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला जमलं नाही. का जमलं नाही ते समजून घ्या, आणि पुढे चला. अगदी मुद्देसूद बोलले.

हे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही पासलीला गेला होता?"

एवढंच. उठून आत गेले.

संध्याकाळी हे ओट्यावर जायला निघाले तर म्हटलं, "आज नको. आणि शनिवारीही राहू द्या. त्या गोळ्यांनी तुम्ही पेंगता. काही दिवस बंद करून बघू." गोळ्या मी माझ्या कपाटात ठेवल्या.

ते पेंगत नाहीत. मला ते शनिवारी हसलेले नको आहेत.

१ नोव्हेंबर, शनिवार

घरीच. पायरीवर बसून होते. मी शेजारी जाऊन बसले, बोला म्हटलं. नाही बोलले.

३ नोव्हेंबर, सोमवार

साळूबाईच्या तांदळाचा भात केला. कुठून आला ते सांगितलं. ह्यांनी ताट तसंच सरकवलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

नमाज पढून वळले तर हे घरात नव्हते. चपला दारात होत्या.

चपला दारात बघून मला धरणच आठवलं. रस्त्यापर्यंत धावले, परत आले, अंगणात गेले. ताडपत्रीची एक कड वर झालेली दिसली. आत, टेम्पोत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. अनवाणी. किल्ली लावलेली नव्हती.

"काय करताय?"

"ब्रेक लावून धरलाय," म्हणाले.

खरंच. पाय ब्रेकवर होता. पोटरी थरथरत होती. कधीपासून धरला होता कोण जाणे. मी हाताने पाय उचलला तेव्हा सुटला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जन्नत घरी आली. गुरुवारचा ओटा सोडून. दारातच म्हणाली, "फौजिया, अय्युबभाई दोन जुमेरात आले न्हाईत. काय केलंस तू?"

भोरात माझं नाव घेणारी ही एकटीच उरली आहे.

हे आत पडून होते. मी तिला स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, तुझ्या फुंकरीने माणसं बरी होत नसतात, जन्नत.

"न्हाईच होत," म्हणाली. "मी कुटं म्हनते होतात? मला वरनं काय लायसन मिळालंय? माझ्याकडं आलं की जीव थोडा निवतो, एवढंच. पयल्याच दिवशी मी त्यांना म्हनलं, भाई, तुमी धरनावर चपला काडल्या, आता दाक्तर पायजे. मगच हितं बसा. गोळ्या घेतात न्हवं?"

मी पातेलं पुसायला घेतलं.

"फौजिया?"

"मी बंद केल्यात."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू आठवीत गळाली ती मीच. "कुनी सांगितलं तुला? दाक्तर हायेस? उद्याच त्या दाक्तरांना फोन कर, विचार कशा चालू करायच्या ते. मनानं करू नकोस. आनि शनवारी घिऊन जा. शनवार चुकला तर जुमेरातीला मी दारात उभं करनार न्हाई. सांग त्यांना माझं नाव घिऊन."

मी पस्तीस वर्षांपूर्वीचं सगळं ओकले. पैगाम, ओटा, रडणं. म्हटलं, तुझ्याजवळ रडतात, तिथे हसतात, आणि तिसरी कुणी बाई आहे तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही! माझ्या वाट्याला "काही नाही"!

जन्नत हसायला लागली. पदर तोंडात धरून हसली मेली. "अगं बाई, बाई म्हंजे तूच की! सगळ्या भोरात बाई म्हंजे कोन? माझ्या नातीलासुदा तू बाईच. ओट्यावर दुसरं काय बोलत्यात ते? बाईंना कळलं तर काय म्हनतील. बाईंनी जन्मभर पोरांना शिकवलं, भगताकडं नगा जाऊ, आनि बाईंच्याच घरच्या मानसानं गाडी थांबीवली. बाईंना तोंड कसं दाखवू. हेच. दर जुमेरातीला हेच."

आणि मी त्यांना काय म्हटलं होतं? तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. मुद्देसूद!

मला घरात ते "ऐकलं का" म्हणतात. बाहेर काय म्हणतात हे कधी ऐकायची वेळच आली नाही. "बाईंना" — ह्या वयात साळूबाईला, जन्नतला, कुणाला हे आदरार्थी बहुवचन लावतील? जन्मभर मराठीचं व्याकरण शिकवलं आणि पार्टिशनमधून एक प्रत्यय ओळखता आला नाही.

जाताना जन्नत म्हणाली, "पैगामाचं म्हनशील तर, मीच नको म्हनलं व्हतं. मला ते लई गप्प वाटले."

हे तिने आज सांगावं? मला तरी ते गप्प आहेत हे आधी कुणी सांगायचं होतं!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांना फोन केला. बोलणी खाल्ली. त्यांनी सांगितलं तशा गोळ्या सुरू.

८ नोव्हेंबर, शनिवार

शेफालीला सगळं सांगितलं. गोळ्या बंद केल्याचं, पासलीचं, पार्टिशनचं. ती रागावेल वाटलं होतं. म्हणाली, "काकू, ह्या सगळ्यात तुमच्याशी कोण बोलतं?"

असले प्रश्न मला आवडत नाहीत.

मग तिने ह्यांना विचारलं, काकूंना आज आत घ्यायचं का. हे बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळले आणि हो म्हणाले.

मला सगळं ठाऊक होतं. देऊळ, भगत, वैनींनी पाया पडणं. पोराने उत्तर चुकत माकत सांगावं आणि आपल्याला पुढचं वाक्य आधीच माहीत असावं, तसं. हे अडखळले, मी ओठ उघडले, शेफालीने नुसती मान हलवली. मिटले.

ह्यांनी सांगितलं. एक गोष्ट मात्र साळूबाईने सांगितली नव्हती, तिला ठाऊकही नसेल. मंत्र चालू असताना गेनबाने मान वळवून केबिनकडे बघितलं होतं आणि हाताने खूण केली होती — चल. ह्यांनी ती बघितली होती. वैनींकडे बघून बसून राहिले.

मी काही म्हटलं नाही. सुचलं होतं बरंच.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "तुम्ही आज काही बोलला नाहीत."

"नाही."

"बरं वाटलं," म्हणाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ओट्यावर गेले ह्यांच्याबरोबर. खालच्या पायरीवर बसले, सखूबाईच्या शेजारी. जन्नत पढत होती. आवाज चांगला आहे मेलीचा, हे मान्य करायला मला साठी उलटावी लागली. हे रडले. मी समोर बघत राहिले.

मत्सर गेला म्हणून लिहू? नाही गेला. आज तिने ह्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला तेव्हा पोटात तीच कळ आली. शनिवारीही येईल. पण ह्यांना घेऊन दोन्हीकडे जाणार. कळ माझी आहे, औषध त्यांचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मी बाहेर. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. खुर्ची सरकवली नाही. जड गेलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ताडपत्री काढली ह्यांनी. टेम्पो धुतला. चालवला नाही. "पासलीला जायचं का कधी, दोघांनी?" असं मलाच विचारलं! म्हटलं, तुम्ही म्हणाल तेव्हा. तोंडावर आलं होतं — रविवारी, सकाळच्या थंडीत, पाण्याची बाटली घेऊन. गिळलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेफालीकडून परत आल्यावर, स्वयंपाकघरात, ह्यांनी माझ्या हातात दिलं —

भातावर फवारायच्या विषाची बाटली, एक. सील शाबूत. माझ्या निरोपसमारंभाच्या शालींच्या पेटीत, तळाशी ठेवली होती म्हणे. ती पेटी मी कधी उघडत नाही.

म्हणाले, "ऐकलं का, हे तुमच्याकडं असू द्या."

दोन्ही हातांनी घेतलं. शेफालीला फोन केला, जन्नतच्या घरी जाऊन आले. दोघींनाही ठाऊक नव्हतं.

कधीपासून होती, ते मी विचारलं नाही.